दोन सीटची गाडी आणि तिसरा भिडू

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठीचा तास आठवड्यातून तीनदा, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मी मराठी विभागाच्या संपादकांवर सोपवली आहे. त्यांनी "विषय कुठलाही चालेल" असं म्हटलं आणि मी विषय सांगितल्यावर त्यांनी चेहरा केला तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. विषय असा : छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये तान्ह्या बाळाची सीट बसते का?

मेसमध्ये सांगितलं तर टेबलावरच्या चौघी हसल्या. "तुझ्याकडे साधी सायकल नाही, बाळ तर त्याहून नाही," असं माझी रूममेट म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण उत्तर माझ्याकडे आहे. बसते. मी स्वतः बसवली आहे, तीन तास लागले, आणि त्यातली एक चूक अशी होती की ती आठवली की आजही पोटात गोळा येतो.

झालं असं, की २०२४ च्या जूनमध्ये आमची सेकंड इयरची परीक्षा संपली आणि ताईच्या बाळंतपणासाठी आई अमेरिकेला निघाली. पप्पांना रजा नव्हती. आईला एकटीने विमानं बदलायची भीती, म्हणून "हिचं इंग्रजी चांगलं आहे" या एका गुणावर माझी दुभाषी म्हणून नेमणूक झाली. कॉन्व्हेंटची फी वसूल झाली ती तिथे! बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतविडा आणि माझी मशीन डिझाइनची जर्नल. (जर्नल परत तशीच आली.)

ताई आणि भाऊजी डेट्रॉईटच्या एका उपनगरात राहतात. भाऊजी गाड्यांच्याच धंद्यात आहेत, एका कंपनीत दरवाज्यांच्या बिजागऱ्यांची चाचणी करतात. घरी दोन गाड्या. एक ताईची, चार दारांची, शहाण्यासारखी. दुसरी भाऊजींची, लाल रंगाची, २००३ सालची माझ्दा मियाटा. इतर बऱ्याच देशांत तिलाच एमएक्स-५ म्हणतात. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत दहा लाखांवर गाड्या तयार झाल्या, म्हणजे वेडे लोक जगात कमी नाहीत. भाऊजींची गाडी जवळजवळ माझ्या वयाची. छप्पर कापडाचं, सीट दोनच, डिकी जेमतेम दीडशे लिटरची.

गंमत अशी की गाडी लहान दिसते, पण लांबी साधारण ३.९५ मीटर आहे. आपल्या मारुती ८०० पेक्षा तब्बल ६० सेंटिमीटर जास्त. तरी मारुतीत बसून आमच्या घरचे सात जण महाबळेश्वरला जाऊन आले आहेत, आणि हिच्यात दोन माणसं बसली की हाउसफुल्ल. बाकी सगळं बॉनेट.

बाळ येणार म्हटल्यावर साहजिकच प्रत्येकाने मत दिलं. भाऊजींचे मित्र म्हणाले, "आता मोठी एसयूव्ही घे." आई जावयाला थेट बोलत नाही, म्हणून भिंतीकडे बघून म्हणाली, "खेळण्यातली गाडी आता कशाला ठेवायची?" भाऊजींचं म्हणणं एकच. "बाळाची सीट हिच्यात बसली तर विकायची कशाला?" मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. खरं सांगायचं तर बाळाच्या प्रेमाने नाही. छप्पर उघडून हायवेवर फिरायचं होतं मला.

आता आईची अडचण वेगळीच. आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विकत घेत नाहीत. आणि इथलं हॉस्पिटल म्हणतं, घरी नेताना सीट गाडीत तयार पाहिजे. शेवटी तोडगा निघाला, सीट आणायची पण घरात नाही, गॅरेजमध्ये ठेवायची. गॅरेज म्हणजे घर नव्हे, यावर आईचं समाधान झालं.

मग एका शनिवारी मी आणि भाऊजी कामाला लागलो. ताईच्या गाडीत सीट वीस मिनिटांत बसली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मियाटाचं सांगते.

तान्ह्या बाळाची सीट उलट्या तोंडाने बसवतात, म्हणजे बाळाची पाठ डॅशबोर्डकडे आणि पाय गाडीच्या सीटच्या पाठीकडे. का? बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान म्हणजे नुसती देठ. गाडी समोर धडकली की डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तेच बाळ उलटं बसलं असेल तर सीटची पाठ त्याचं डोकं, मान आणि पाठ एकदम झेलते. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल अल्डमन यांची. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर आडवे पडून उड्डाणाचा दाब सोसतात ते बघून त्यांना सुचली असं सांगतात. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत तिचा पहिला नमुना तपासला गेला. हे गृहस्थ डॉक्टर, पण पुढे चाल्मर्स या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपल्याकडे मेडिकलवाले आणि आपण एकमेकांकडे बघतही नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिली अडचण आली ती गाडीच्या सीटची. स्पोर्ट्स कारची सीट बादलीसारखी असते, वळणावर ड्रायव्हर घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना उंच. त्यामुळे बाळाच्या सीटचा खालचा बेस सपाट टेकेचना. खुर्चीचा एक पाय आखूड असला की ती डुगडुगते ना, तसं. तासभर झटापट केल्यावर भाऊजींनी सीटचं पुस्तक उघडलं (आपण पुस्तक नेहमी तासाभरानेच उघडतो) आणि त्यात लिहिलं होतं, बेस काढूनही सीट नुसत्या बेल्टने बसवता येते. बेस गेला, डुगडुग गेली.

दुसरी अडचण कोनाची. गाडीची सीट मागच्या बाजूला खोल गेलेली असते. म्हणजे उलट्या बाळाचे पाय खाली, डोकं वर, आणि बाळ शाळेतल्या शिस्तीत ताठ बसलेलं. ते चालत नाही. तान्ह्याला मान धरता येत नाही, हनुवटी छातीवर पडली की श्वासाची वाट अडते. साधारण ४५ अंशांपर्यंत कललेलं पाहिजे. सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली की कोन बरोबर. त्यासाठी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून गाडीच्या सीटच्या बेचक्यात, म्हणजे पाठ आणि बैठक मिळतात तिथे, दाबून बसवायची. पायाकडची बाजू वर आली की डोक्याकडची आपोआप खाली जाते. पुस्तकात तशी परवानगी होती. ड्रॉइंग हॉलमध्ये आपण जे कोन काढतो त्यांचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

तिसरी गोष्ट बेल्ट, आणि ही मला सगळ्यात आवडली. आपला नेहमीचा सीटबेल्ट हळू ओढला की येतो आणि झटका दिला की अडतो. बाळाच्या सीटला ते पुरत नाही, तिला बेल्ट कायम आवळलेला लागतो. अमेरिकेतल्या गाड्यांत प्रवाशाच्या बाजूचा बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, की आतली यंत्रणा बदलते आणि मग बेल्ट फक्त आत जातो, बाहेर येत नाही. टक् टक् टक् असा रॅचेटचा आवाज येतो. सीटवर सगळा भार टाकून मी दाबलं, भाऊजींनी बेल्ट आत घालवला. नियम असा की बेल्ट जातो त्या जागी धरून हलवली तर सीट एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आमची अर्धा इंचसुद्धा हलेना. गाडीची सीट पूर्ण मागे सरकवली होती, तरी डॅशबोर्ड आणि बाळाच्या सीटमध्ये जेमतेम दोन बोटांची फट राहिली. मग आईच्या तांदळाची दहा पौंडांची पिशवी बाळ म्हणून आत ठेवली आणि पट्टे बांधले. आईने ते दारातून पाहिलं आणि "अभद्र कुठले!" म्हणून आत गेली.

आम्ही खूश. फोटो काढले. भाऊजी म्हणाले, "चला, तपासून आणू." तिकडे पुष्कळ फायर स्टेशनांवर, पोलीस ठाण्यांवर बाळाची सीट तपासून देणारी प्रशिक्षित माणसं असतात, पैसे घेत नाहीत. मागे ताईच्या गाडीतून मी आणि पुढे लाल गाडीतून भाऊजी आणि तांदूळ, अशी आमची वरात गेली.

तिथल्या माणसाने सीट हलवून पाहिली, कोन पाहिला, बेल्ट पाहिला, मान हलवली. आणि मग विचारलं, "एअरबॅगची किल्ली?"

आम्ही दोघंही गप्प.

तीन तास. एक बिजागऱ्यांचा इंजिनिअर, एक होऊ घातलेली इंजिनिअर. टॉवेल, कोन, रॅचेट, सगळं केलं आणि समोरची एअरबॅग चालूच होती.

याचा अर्थ काय ते नीट समजून घ्या. एअरबॅग फुगते सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत, ताशी ३०० किलोमीटरच्या घरातल्या वेगाने. मोठा माणूस हातभर लांब असतो, त्याच्यापर्यंत येईतो ती फुगून झालेली असते. उलट्या सीटमधल्या बाळाचं डोकं मात्र तिच्या झाकणापासून दोन बोटांवर. धडक साधी असली, आईबाप खरचटण्यावर सुटले, तरी बाळ वाचणार नाही अशी ती जागा. अमेरिकेत नव्वदच्या दशकात अशी बाळं गेली. म्हणून मागची सीट नसलेल्या गाड्यांना १९९५ पासून एअरबॅग हाताने बंद करायची सोय द्यायला परवानगी मिळाली. मियाटात ती आहे. गाडीचीच किल्ली एका छोट्या कुलपात घालून फिरवायची, मग एअरबॅग बंद असल्याचा दिवा लागतो. मिशिगनच्या कायद्यातही तेच आहे, मागची सीट असेल तर लहान मूल मागे, आणि उलटी सीट पुढे ठेवायचीच वेळ आली तर एअरबॅग बंद. भाऊजींकडे ही गाडी सहा वर्षं होती. ते कुलूप त्यांनी रोज पाहिलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं.

त्या माणसाने आम्हाला लाजवलं नाही. किल्ली फिरवून दाखवली आणि सांगितलं की मोठं माणूस बसलं की परत चालू करायची, नाहीतर बायकोला एअरबॅग नाही. परत येताना भाऊजी ताशी ४० ने आले.

बाळ जुलैत झालं. मुलगी. ताईच्या गाडीतून घरी आली. आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं होतं तेव्हा ताईच्या गाडीची बॅटरी बसली. राहिली कोण? लाल गाडी. सीट ठरल्याप्रमाणे बसली, दिवा लागला, छप्पर बंद. पण सीट दोनच! एकीवर बाळ, एकीवर भाऊजी. पाच दिवसांची बाळंतीण दारात उभी आणि तिचं बाळ तिच्याशिवाय निघालं. ताई रडली. आई पण रडली. भाऊजी एकटेच दुधाची बाटली आणि डायपरची पिशवी घेऊन गेले, आणि तासाभराने आले ते घामाघूम. वाटेत ती रडायला लागली तर बघायचं कुणी? ती हाताच्या अंतरावर, पण ड्रायव्हरने तिच्याकडे बघायचं नाही. रस्त्याकडेला थांबून बघितलं म्हणाले, दोनदा.

तर स्पोर्ट्स कारबद्दल माझं मत हे असं. बाळ बसतं, कुटुंब बसत नाही. दुसरी गाडी म्हणून ठेवा, एकुलती एक म्हणून नको. एवढंच असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ताई भाचीला घेऊन आली, उष्टावणासाठी. मुंबईहून सांगलीला न्यायला काका आले, त्यांची नवी सात सीटची गाडी घेऊन. काकांनी विमानतळाबाहेरच सांगितलं, "सहा एअरबॅग्ज आहेत हिला." ताईने बाळाची सीट अमेरिकेहून उचलून आणली होती. ती कुठे गेली? डिकीत, बॅगांच्या खाली. "एवढ्याशा पोरीला बांधून ठेवायचं? आमची पोरं मांडीवरच वाढली." ताईला मागे बसून घाटात मळमळतं, म्हणून ती पुढे बसली. मांडीवर साडेपाच महिन्यांची भाची. समोर एअरबॅग. मी शोधलं, बंद करायचं कुलूप त्या गाडीत नव्हतं.

आणि मी काही बोलले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. सगळे इतके आनंदात होते, काका पहाटे चारला निघून आले होते, मी घरातली धाकटी. ताई पण बोलली नाही. तिकडे गॅरेजमध्ये अर्धा इंच मोजणारी आम्ही माणसं, इथे तासभर गप्प. कळंबोली गेलं, एक्स्प्रेसवे लागला, काचेतून काटा दिसत होता.

फूड मॉलला थांबलो तेव्हा पेपर नॅपकिनवर मी गणित मांडलं. बाळ ७ किलो. वेग ताशी ६० धरू, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. धडकेत ०.१ सेकंदात शून्य. मंदन १६७, गुणिले ७, जवळजवळ ११७० न्यूटन. म्हणजे सुमारे १२० किलोचं वजन. सिमेंटची दोन पोती आणि वर थोडं. काकांनी नॅपकिन वाचला आणि म्हणाले, "आईची पकड असते गं, ती सोडत नाही." आता यावर काय बोलणार? आई सोडत नाही हे खरंच आहे. पण दोन पोती फेकली गेली तर झेलणार कोण?

ही समजूत फक्त आपलीच नाही, हेही न्यायाने सांगायला हवं. अमेरिकेत बाळांच्या सीटचा पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ पासून लागू झाला. डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी जंगजंग पछाडलं होतं. पण त्या कायद्यातही एक पळवाट घुसवली गेली, बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर चालेल! ती काढायला डॉक्टरांना १९८१ साल उजाडलं. तिकडच्या काकांचंही म्हणणं हेच असणार.

फरक इतकाच, की आमच्या काकांची पोरं ज्या मारुतीत मांडीवर वाढली तिच्यात एअरबॅग नव्हती. आपल्याकडे नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची आहे. चांगलंच झालं. पण पुढे मांडीवर बाळ घेऊन बसायची आपली सवय जुनीच राहिली. गाडी सुधारली आणि त्यामुळे मांडी जास्त धोक्याची झाली, हे कुणी आपल्याला शोरूममध्ये पेढे देताना सांगत नाही. मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी असं आपण धरून चालतो. माझी भाची त्या खेळण्यातल्या लाल गाडीत जास्त सुरक्षित होती, कारण तिथे जागा नव्हती म्हणून प्रत्येक गोष्ट मोजावी लागली. इथे सात सीट होत्या आणि कुणीच काही मोजलं नाही.

काका शेवटी कशाने वळले सांगू? न्यूटनने नाही. मी म्हटलं, "काका, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, कलम १९४-ब." काकांनी कप खाली ठेवला. "हजार?" मग बॅगा उतरल्या. त्यांच्या मधल्या सीटच्या बेचक्यात दोन लोखंडी कड्या होत्या, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. गाडी घेऊन आठ महिने झाले, त्या कशासाठी असतात ते काकांना माहीत नव्हतं. अमेरिकन सीटचे हूक त्यांच्यात बरोबर अडकले. कोन पाहिला, काकांचा पंचा गुंडाळून बेचक्यात घातला. दहा मिनिटं लागली. ताई मधे तिच्या शेजारी, मळमळीला आवळासुपारी. भाची खंबाटकीपर्यंत झोपली.

हे सगळं इथे लिहायचं कारण आपलं कॅम्पस. संध्याकाळी साडेसहाला लेडीज होस्टेलच्या पायऱ्यांवर बसलं की स्टाफ क्वार्टर्समधून गाड्या बाहेर पडताना दिसतात. काही गाड्यांत पुढच्या सीटवर मॅडम आणि मांडीवर बाळ. एका सरांच्या गाडीत तर बाळ सरांच्याच मांडीवर, स्टिअरिंगला धरून! व्हायवाला हेच सर मला संवेगाचा सिद्धांत विचारणार, म्हणून नाव लिहीत नाही.

भाऊजींनी मियाटा विकली नाही. ताईने तिच्या डॅशबोर्डवर मराठीत एक चिठ्ठी चिकटवली आहे, "दिवा बघ". माझं फायनल इयर अजून बाकी आहे, म्हणजे पुढच्या मेपर्यंत मी इथेच आहे. क्वार्टर्समध्ये कुणाला सीट बसवून हवी असेल तर होस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. टॉवेल तुमचा, आणि नंतर चहा पाजावा लागेल.